मंदावलेली नजर आणि जे.जे.मधले डॉ. वाडिया

वाडिया म्हटलं की मुंबईकराला परळची दोन रुग्णालयं आठवतात, एक बाळंतिणींचं आणि एक लहान मुलांचं. डॉ. नोशीर होरमसजी वाडिया हे त्यांपैकी कुठले नव्हेत. ते भायखळ्याच्या जे.जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ. रस्त्यावरच्या माणसाला त्यांचं नाव फारसं माहीत नसेल. पण तोल घालवणाऱ्या आनुवंशिक आजारांवरचं जगातलं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडलं, तर मुंबईत तपासलेल्या नऊ कुटुंबांपाशी आणि त्यांच्या नावापाशी थांबावंच लागतं.

त्यांचा जन्म 1925 सालचा, सुरतेच्या पारशी कुटुंबातला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं जे.जे. रुग्णालय 1845 पासूनचं. त्या काळातल्या अनेक हुशार विद्यार्थ्यांप्रमाणे तेही पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि लंडनमध्ये रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम करू लागले. मेंदूच्या डॉक्टरचं आडनावच ब्रेन, हा योगायोग खरा आहे. चर्चिल यांच्या आजारपणात ज्यांचा सल्ला घेतला जाई ते हेच ब्रेन; आणि ‘ब्रेन’ याच नावाच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाचे ते संपादकही होते. पुढे वाडियांच्या आयुष्यात हे नियतकालिक पुन्हा पुन्हा येणार होतं.

1957 साली ते मुंबईला परतले. लंडनमध्ये राहण्याची सोय अनेकांनी करून घेतली होती, वाडिया जे.जे.मध्ये आले आणि तिथे मेंदूविकारांचा विभाग त्यांनी उभा केला. मेंदूविकारशास्त्र ही स्वतंत्र शाखा तेव्हा भारतात जेमतेम मूळ धरत होती. या क्षेत्रातल्या डॉक्टरांची देशव्यापी संघटना 1951 मध्ये स्थापन झालेली, म्हणजे अवघ्या काही वर्षांची. सीटी स्कॅन अजून कुणी ऐकलेला नव्हता, एमआरआय तर फारच पुढची गोष्ट. डॉक्टरच्या हाताशी असायचं ते रबरी हातोडी, टाचणी, कंप पावणारा धातूचा काटा, डोळ्यांत पाहायची बॅटरी, आणि समोरच्या माणसाकडे नीट बघण्याची सवय.

ही सवय त्यांच्या कामात सगळीकडे दिसते. त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक मानेच्या मणक्यांवरचं. कवटीखालचे पहिले दोन मणके जन्मतःच नीट जुळलेले नसले, तर ते सरकून मज्जारज्जूवर दाब देतात. माणसाचे पाय जड होतात, चालणं बिघडतं, हातातून वस्तू निसटतात. वरवर पाहता हा हळूहळू वाढत जाणारा, झिजेचा, उपाय नसलेला आजार वाटतो. प्रत्यक्षात तो दाबाचा आजार आहे आणि शस्त्रक्रियेने दाब काढता येतो. अशा 28 रुग्णांचा अभ्यास त्यांनी 1967 मध्ये ‘ब्रेन’मध्ये प्रसिद्ध केला. गुरू रसेल ब्रेन त्याच्या काही महिने आधीच, 1966 च्या डिसेंबरात निवर्तले होते.

तोल जाण्याच्या तक्रारीत आजही हाच पहिला मुद्दा असतो. चालताना झोकांडी जाते म्हणजे आनुवंशिक आजारच, असं नसतं. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणं, दारू, फिट्सच्या काही गोळ्यांचा जास्त झालेला डोस, मानेतला दाब, लहान मेंदूतली गाठ, यांपैकी बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. त्या तपासून बाजूला केल्याशिवाय घराण्याला दोष देऊ नये.

मग आलं 1971 साल. या एका वर्षाने वाडियांच्या आयुष्यात दोनदा डोळ्यांनीच वाट दाखवली.

पहिली गोष्ट साथीची. त्या वर्षी मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे लालभडक, रक्त साकळल्यासारखे, आठवड्याभरात बरे. 1969 मध्ये आफ्रिकेतल्या घानामध्ये ही साथ प्रथम दिसली होती; चांद्रयानाचं वर्ष म्हणून तिथे तिला अपोलोचं नाव पडलं होतं. कोलकात्यात लोक तिला ‘जय बांगला’ म्हणत, कारण ती बांगलादेशच्या युद्धाच्या दिवसांत फोफावली. डोळे आलेत, काळा चष्मा लावा, बरे होतील, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. पण जे.जे.मध्ये काही प्रौढ माणसं पाय लुळे पडल्याच्या तक्रारीने येऊ लागली. पोलिओसारखा लुळेपणा, पण पोलिओचं वय नाही. आधी डोळे आले होते का, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर हो असं यायला लागलं; मधे काही दिवस किंवा काही आठवडे गेलेले. डोळ्यांच्या नव्या विषाणूचा मज्जारज्जूशी संबंध आहे, हे वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. 1981 मध्ये मुंबईत पुन्हा साथ आली, तेव्हा रक्ताच्या तपासण्यांनी त्या निष्कर्षाला आणखी बळ दिलं. त्या विषाणूला आज एंटेरोव्हायरस 70 म्हणतात.

दुसरी गोष्ट साथीची नव्हे, घराण्यांची. आणि ती समजून घ्यायची तर लहान मेंदूपासून सुरुवात करायला हवी.

डोक्याच्या मागच्या भागात, मोठ्या मेंदूखाली लहान मेंदू असतो. वजनाने एकूण मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा, पण पेशींची संख्या मोजली तर मेंदूतल्या दर पाच चेतापेशींपैकी जवळपास चार इथे असतात. हालचाल तो सुरू करत नाही. ती नेमकी करतो. कप उचलताना हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, जिन्याच्या पायरीवर पाऊल किती उंच टाकायचं, बोलताना कुठल्या अक्षरावर किती जोर द्यायचा, हे सगळं न कळत घडतं ते त्याच्यामुळे. तो झिजू लागला की चाल फाकते, हात लक्ष्याच्या पुढे जातो, जीभ अडखळते. या सगळ्याला मिळून अटॅक्सिया म्हणतात. अशी माणसं रस्त्यावरून चालताना बघणाऱ्याला दारू प्यायल्यासारखी दिसतात. सकाळी साडेआठला अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाच्या पुलावर असा माणूस कठड्याला धरून उतरत असेल, तर मागून येणारे त्याला काय काय ऐकवतात हे वेगळं सांगायला नको.

घराण्यात चालणाऱ्या अटॅक्सियाचं पहिलं नीट वर्णन जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी 1863 मध्ये केलं. त्यांनी एक गोष्ट ठामपणे नोंदवली होती: शरीराचा तोल जातो, पण बुद्धीला धक्का लागत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी लहान मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून हालचालींच्या बिघाडाचं इतकं बारकाईने वर्णन केलं की लहान मेंदू म्हणजे हालचाल, हे समीकरण पक्कं होऊन बसलं. वैद्यकीय विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकले. तोल, बोलणं, नाकाला बोट लावणं, टाच नडगीवरून फिरवणं, एवढं तपासलं की तपासणी संपली.

जे.जे.मध्ये येणाऱ्या काही अटॅक्सियाच्या रुग्णांमध्ये वाडियांना एक विचित्र गोष्ट दिसली. ती डोळ्यांत होती. आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नजर टाकतो तेव्हा डोळा उडी मारतो, आणि ती उडी एवढी वेगवान असते की समोरच्याला डोळा इथे होता आणि तिथे गेला एवढंच कळतं. मधला प्रवास दिसत नाही. या रुग्णांत तो प्रवास दिसत होता. डावीकडचं बोट बघा, आता उजवीकडचं, असं सांगितल्यावर बुबुळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात संथपणे सरकत जाई. रुग्ण मग नकळत युक्ती करत: आधी मान वळवायची किंवा पापणी मिटायची, मग नजर. ही तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. वाचताना ओळ संपल्यावर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नजर परत यायला वेळ लागतो, रस्ता ओलांडताना दुसऱ्या बाजूची गाडी उशिरा दिसते. पण माणूस त्याचा दोष वयाला किंवा चष्म्याला देतो.

लहान मेंदूच्या इतर बऱ्याच आजारांत डोळे थरथरतात, नजर लक्ष्याच्या पलीकडे जाऊन परत येते, पण वेग बहुधा टिकून असतो. वेगच हरवणं हे वेगळं होतं. डोळ्याच्या या उडीचा आदेश देणाऱ्या पेशी मेंदूच्या खोडात, पॉन्स नावाच्या भागात असतात. म्हणजे झीज लहान मेंदूपुरती नव्हती. वाडियांनी रुग्णांच्या भावंडांची, आईवडिलांची चौकशी केली, तेव्हा एकाच घरात अनेकांना तोच त्रास आणि तीच मंद नजर आढळली. अशी नऊ कुटुंबं त्यांनी आणि आर. के. स्वामी यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’मधून जगापुढे मांडली आणि हा आनुवंशिक अटॅक्सियाचा एक नवा प्रकार असल्याचं सांगितलं.

रक्तातल्या जनुकाची तपासणी अस्तित्वात नसताना, केवळ नजरेचा वेग पाहून एक आजार बाकीच्या गर्दीतून वेगळा काढणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या काळी अटॅक्सियांची वर्गवारी म्हणजे पसाराच होता. एकाच घरातल्या दोन भावांना दोन वेगळी निदानं मिळत, आणि एकाच नावाखाली चार वेगळे आजार असत. आजाराच्या अनेक खुणांतून एकच खूण निवडून तिला धरून बसणं काहींना धाडसाचं वाटलं असेल. ती निवड बरोबर होती हे ठरायला पंचवीस वर्षं लागली.

मधल्या काळात वाडियांचं कार्यक्षेत्र वाढलं. जसलोक रुग्णालयात मेंदूविकार विभागाचे ते संचालक झाले. देशातल्या अनेक तज्ज्ञांना त्यांनी घडवलं. पण ती कुटुंबं त्यांनी सोडली नाहीत.

तिकडे अटलांटिकच्या पलीकडे, क्यूबामधल्या ओल्गीन प्रांतात, तोल जाण्याच्या आजाराने ग्रासलेली घराणी फार मोठ्या संख्येने आढळली होती. त्यांच्या रक्तावरून 1993 मध्ये दोषाची जागा बाराव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं, आणि 1996 मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एकाच वेळी ते जनुक शोधलं. आजाराचं नाव ठरलं स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार 2, थोडक्यात एससीए 2. दोष समजायला सोपा आहे. जनुकाच्या मजकुरात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत साधारण 22 वेळा. ती तिशी ओलांडून बत्तीस-तेहतीसच्या पुढे गेली की आजार होतो. आकडा जितका मोठा तितका आजार लवकर. आणि पुढच्या पिढीत जाताना, विशेषतः वडिलांकडून, हा आकडा वाढू शकतो. त्यामुळे आजोबांना पन्नाशीत, वडिलांना पस्तिशीत आणि मुलाला विशीत, असा तो घराण्यात खाली उतरतो. घरातल्यांना हा शाप वाटतो. तो अक्षरांच्या मोजणीतला फरक असतो.

वाडियांनी लंडनच्या सुझन चेंबरलेन आणि मुंबईतल्या सहकाऱ्यांसह सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी केली. मंद नजरेचं ते चित्र आणि एससीए 2 यांची गाठ पडली. हा निबंध 1998 मध्ये पुन्हा ‘ब्रेन’मध्येच आला. तेव्हा वाडिया 73 वर्षांचे होते. आज भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियांमध्ये एससीए 2 गणला जातो, आणि तोल जाणाऱ्या माणसाची नजर मंद असेल तर कुठलं जनुक आधी तपासायचं हे तज्ज्ञाला ठाऊक असतं.

‘ब्रेन’च्या त्याच 1998 च्या वर्षात आणखी एक निबंध आला, ज्याने फ्रीडराइख यांच्या काळापासून चालत आलेल्या समजुतीला सुरुंग लावला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूपुरताच आजार असलेले 20 रुग्ण तपासले, पण हातोडीने नव्हे. एका मिनिटात जमतील तितके शब्द सांगा, आकडे उलट्या क्रमाने म्हणा, घनाकृती काढा, दोन गोष्टींतलं साम्य सांगा, अशा कामांनी. रुग्णांना नियोजन जमत नव्हतं, एका कामावरून दुसऱ्यावर जाताना ते अडकत, शब्द आठवत नसत, आकृत्या चुकत. काहींचा चेहरा आणि स्वभाव कोरा झाला होता, तर काही नको तिथे नको ते बोलून जात. लहान मेंदू जसा हाताच्या हालचालीला नेमकेपणा देतो तसाच विचारालाही देतो, असं त्यांनी मांडलं. शरीररचनेच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. लहान मेंदूकडून निघालेले धागे थॅलॅमसमार्गे मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत जातात, आणि तिथून पॉन्समार्गे परत येतात. ठरवणं, आवरणं, क्रम लावणं ही कामं त्या पुढच्या भागाची. मधली तार कुरतडली की दोन्ही टोकांचं काम बिघडतं.

वर्षभरातच, 1999 मध्ये, जर्मन संशोधकांनी एससीए 2 च्या रुग्णांची अशीच तपासणी केली. सुमारे एक चतुर्थांश जणांमध्ये स्मृतिभ्रंशाच्या पातळीपर्यंतची घसरण आढळली. आणि ज्यांच्यात तशी नव्हती त्यांच्यातही ऐकलेले शब्द लक्षात ठेवणं आणि कामाचं नियोजन कमी पडत होतं. रुग्णांची संख्या लहान होती, त्यामुळे आकड्याला फार चिकटू नये. पण दिशा तीच राहिली. फ्रीडराइख यांच्या नावाच्या अटॅक्सियातही विचारांचा वेग आणि काही कामं मागे पडतात हे नंतरच्या तपासण्यांत दिसलं. म्हणजे त्या थोर डॉक्टरांचं निरीक्षण साफ खोटं नव्हतं. त्या काळच्या गप्पांतून, प्रश्नोत्तरांतून बुद्धी शाबूत वाटे, कारण ती बऱ्याच अंशी शाबूत असतेच. घसरण दिसायला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मंद नजर दिसायला जशी दोन बोटं धरावी लागतात, तसंच.

यातून घरात काय घडतं? विलेपार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत किंवा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही सोसायटीत, चाळीत एखादा चाळिशीचा माणूस असा असू शकतो. पाय अडखळतात हे सगळे मान्य करतात. काठी घेऊन देतात, संडासात धरायला दांडी बसवतात. पण तोच माणूस विजेचं बिल भरायचं विसरतो, एका कामात दुसरं सांगितलं की पहिलं सोडून देतो, भाजी आणायला गेला की पाचातल्या दोनच आणतो, दिवसभर खुर्चीत बसून राहतो, पाहुण्यांसमोर फटकन काहीतरी बोलतो. त्याला मात्र आजार म्हणायला कोणी तयार नसतं. पाय गेलेत, डोकं तर ठीक आहे ना, मग मुद्दाम करतो, आळशी झालाय, हट्टी झालाय. बायकोची चिडचिड, मुलांचा दुरावा, आणि रुग्णाची स्वतःवरचीच नाराजी, सगळं त्यातून वाढतं. नोकरीही अनेकदा पायांमुळे नव्हे, कामातल्या चुकांमुळे जाते, आणि वरिष्ठ त्याचं कारण बेफिकिरी असं लिहितात.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. जीभ जड, उत्तर यायला वेळ, अक्षर वेडंवाकडं, म्हणून लोक अशा माणसाला मंदबुद्धी समजतात आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतात. बोलण्याचा संथपणा आणि विचारांचा संथपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासल्याशिवाय एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढता येत नाही. सगळ्यांना विचारांचा त्रास होतो असंही नाही. शिवाय या आजारांत नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि तेही विस्मरणासारखं, आळसासारखं दिसतं. नैराश्यावर औषधं आहेत आणि ती उपयोगी पडतात.

झीज थांबवणारं औषध एससीए 2 साठी अजून नाही. पण माहिती असली तर घर बदलता येतं. एका वेळी एकच काम सांगणं, वाक्य संपेपर्यंत थांबणं, रोजची कामं जाड पेनने लिहून भिंतीवर लावणं, पैशांचे व्यवहार दोघांनी मिळून बघणं, गॅसपाशी एकटं न सोडणं. तोल आणि सफाई यांसाठी नियमित व्यायामोपचार, बोलणं आणि गिळणं यांसाठी वाचा-उपचार. जेवताना ठसका लागत असेल तर ते लगेच सांगायला हवं, कारण घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे.

सगळ्यांत अवघड प्रश्न नात्यातल्या निरोगी माणसांचा. आई किंवा वडिलांना एससीए 2 असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. या एका वाक्यामुळे घरं आजार लपवतात. मुलीचं लग्न ठरेपर्यंत काकांना कार्याला आणायचं नाही, आजीच्या पायाला लकवा मारला होता असं सांगायचं. वाडियांनी ज्या काळात ही घराणी जुळवली त्या काळात लपवाछपवी आजच्याहून कमी नसणार; तरीही माणसं त्यांच्यापुढे आपली वंशावळ उलगडत होती, यावरून त्यांच्यावर किती विश्वास होता ते कळतं.

आज रक्ताच्या एका तपासणीत उत्तर मिळतं, आणि त्यामुळेच ती घाईने करू नये. ज्याला काही त्रास नाही अशा सज्ञान माणसाने आधी समुपदेशकाशी बोलावं. हो असं उत्तर आलं तर आयुष्याचं काय, नाही आलं तर आजारी भावाकडे बघताना काय वाटेल, हे ठरवून मगच रक्त द्यावं. जाणून न घेण्याचाही हक्क त्याला आहे. लक्षणं नसलेल्या लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत, आईबापांनी कितीही आग्रह धरला तरी. मूल हवं असलेल्या जोडप्यांसाठी गर्भावस्थेतल्या तपासणीची वाट आहे. तिची चर्चा गर्भधारणेआधी झालेली बरी.

ऐंशीव्या वर्षी, 2005 मध्ये, वाडियांनी संपादित केलेला मेंदूविकारांवरचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. भारतीय डॉक्टरला भारतात दिसणारे आजार कसे दिसतात, हा त्याचा विषय. पाश्चात्त्य पुस्तकांत जे चार ओळींत आटोपतं त्याला इथे प्रकरणं होती. 2012 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. एप्रिल 2016 मध्ये वयाच्या 91 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी, 2018 मध्ये, श्माहमन यांच्या गटाने लहान मेंदूच्या आजारातली बौद्धिक घसरण पकडण्यासाठी रुग्णाच्या खाटेशी बसून करता येणारी, दहा-पंधरा मिनिटांची एक चाचणी प्रसिद्ध केली, तीही ‘ब्रेन’मध्येच. स्मृतिभ्रंशासाठीच्या नेहमीच्या चाचण्यांत, म्हणजे आज वार कुठला, गाव कुठलं अशा प्रश्नांत, हे रुग्ण बहुधा पास होतात. नव्या चाचणीत प्राण्यांची नावं एका मिनिटात सांगायची असतात, मग एकाआड एक भाजी आणि धंदा अशा उड्या मारायच्या असतात. ती इंग्रजीतून दुसऱ्या भाषेत आणताना शब्द जसेच्या तसे उतरवून चालत नाही. अमुक अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं, तर मराठीत कुठलं अक्षर धरायचं आणि शाळा चौथीपर्यंतच झालेल्या माणसाकडून किती शब्दांची अपेक्षा ठेवायची, हे इथल्या निरोगी माणसांना तपासूनच ठरवावं लागतं. डोळ्यांच्या तपासणीला मात्र भाषा लागत नाही. डावीकडे एक बोट, उजवीकडे एक बोट, आणि मधल्या प्रवासाकडे बघत राहायचं.